जुना मेकॅनिकल फिल्म कॅमेरा आज वापरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आवराआवरीनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे हमखास एक फोटो येतो : चामड्याच्या कव्हरातला कॅमेरा आणि खाली "हा चालेल का?" एवढाच प्रश्न. त्यामागोमाग जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं लिहिताना समोर ठेवलाय पेंटॅक्स के१०००. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं तो बनत राहिला, मी स्वतः तोच वापरतो, आणि त्याच्यात लपवलेलं असं काहीच नाही. दुसऱ्या कॅमेऱ्यांत गोष्ट वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. "पूर्ण मेकॅनिकल" म्हणजे नेमकं काय? सेल लागतच नाही का?

फोटो काढायला लागत नाही. लीव्हर ओढता तेव्हा फिल्म पुढे सरकते आणि त्याच वेळी आतल्या स्प्रिंगांना ताण बसतो. बटण दाबलं की तो ताण सुटतो, आरसा वर जातो, आणि दोन कापडी पडदे एकामागून एक फिल्मसमोरून धावतात. दोघांमधलं अंतर म्हणजेच तुमचा शटर स्पीड. सगळं काम दातेरी चाकं आणि स्प्रिंगा करतात. के१००० मध्ये एक छोटा सेल असतो, पण तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरपुरता.

तुमच्याकडचा कॅमेरा असा आहे का हे ओळखायचं असेल तर सेल काढा आणि वेगवेगळ्या स्पीडवर शटर मारून पाहा. एक सेकंद आणि १/५०० यांत कानाला फरक कळला तर तो मेकॅनिकल. दिसायला जुना म्हणजे मेकॅनिकल असं नसतं. कॅनन एई-१ हाही १९७६ चाच, पण सेलशिवाय त्याचं शटर उघडतच नाही. आपल्याकडे अनेक घरांत असलेला यशिका इलेक्ट्रो ३५ सेलशिवाय एकाच स्पीडवर चालतो, आणि पेंटॅक्स एमई सुपर फक्त १/१२५ आणि 'बी'वर (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं). निकॉन एफएम२ मात्र १/४००० पर्यंतचे सगळे स्पीड सेलशिवाय देतो, आणि त्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

२. बाबांचा कॅमेरा वीस वर्षं कपाटात होता. रोल घालण्याआधी काय काय तपासू?

सगळ्यात आधी हे बघा की आत रोल तर नाही ना. डावीकडच्या रिवाइंडच्या बटणावरची छोटी कडी उघडा आणि बाणाच्या दिशेने अगदी हळू फिरवा. ओढ लागली तर आत फिल्म आहे. मग मागचं झाकण उघडू नका, थेट प्रश्न २० वाचा. एक खबरदारी : के१००० मध्ये तेच बटण वर ओढलं की मागचं झाकण उघडतं. तेव्हा नुसतं फिरवा, ओढू नका.

आत रोल नसेल तर झाकण उघडा, लेन्स काढा आणि कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरून मागून पाहा. १/३० पासून सुरू करून एकेक स्पीड मारा. प्रत्येक वेळी उजेडाची चौकट पूर्ण दिसायला हवी. १/१००० वर एका बाजूला काळी पट्टी दिसली तर पडद्यांची गती जुळत नाही, म्हणजे दुरुस्ती लागणार. मग सावकाश स्पीड : एक सेकंद, १/२, १/४. आतून 'झ्झ्झ' असा घड्याळासारखा आवाज अखंड यायला हवा. मध्येच अडखळला तर आतलं वंगण वाळलंय. अशा वेळी लगेच निराश होऊ नका, पंधरा-वीस वेळा शटर मारा. बऱ्याच वर्षांनी चालणाऱ्या माणसाचे गुडघे मोकळे होतात तसं होतं कधी कधी. तरीही अडखळत राहिला तर कारागिराकडे न्या.

लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/१६ वर ठेवा, मागची छोटी कळ बोटाने हलवून सोडा. पाती झटकन मिटायला हवीत. पातींवर तेल आलं असेल तर ती रेंगाळतात आणि फोटो जास्त उजळ येतात. शेवटी लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघा (प्रश्न ४).

एवढं करायला पंधरा मिनिटं लागतात. त्यात कॅमेरा तुमच्या हाताला कळतो, आणि तो फायदा मला तपासणीपेक्षाही मोठा वाटतो.

३. मागच्या झाकणाच्या कडेला काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी आहे. ते काय?

तो उजेड अडवणारा फोम आहे. त्या काळातल्या जवळपास सगळ्या जपानी कॅमेऱ्यांत तो असे आणि पंधरा-वीस वर्षांत त्याचा चिकट लगदा होतो. तसाच ठेवला तर रंगीत फोटोंवर कडेने लालसर-नारिंगी पट्टे येतात. लाकडी काडीने खरवडा, कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, आणि खाचेत काळी लोकर बसवा. हो, विणायची लोकर. आरशाच्या वरच्या कडेलाही असाच फोम असतो. तिथे पडद्यांवर किंवा आरशावर थेंब पडू देऊ नका. आरशाचा चंदेरी थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि कापसाच्या एका फटक्यानेही त्याच्यावर ओरखडा जातो.

४. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. बुरशी आहे का? उन्हात ठेवली तर जाईल का?

बुरशीच आहे, आणि उन्हात ठेवून जात नाही. ऊन फार तर तिची वाढ थांबवेल, पण जाळं तसंच राहील, आणि उन्हाने लेन्समधलं वंगण पातळ होऊन पातींवर उतरेल. कडेला दोन-चार तंतू असतील तर फोटोत काही दिसणार नाही, बिनधास्त वापरा. मधोमध ढगासारखी पसरली असेल तर उजेडासमोरचे फोटो धुरकट येतील. ती कारागीर काच उघडून पुसतो. पण बुरशी फार जुनी असेल तर तिने काचेवरचा थर खाल्लेला असतो आणि ती खूण पुसली जात नाही.

बुरशीचे बीज हवेत सगळीकडेच असतात. ती वाढते ती दमट, अंधाऱ्या, बंद जागेत. म्हणजे नेमकी चामड्याच्या कव्हरात, कपाटाच्या तळाशी. जपण्यासाठी आत ठेवलेले कॅमेरे याच कारणाने सगळ्यात जास्त खराब होतात. पावसाळ्यातली काळजी प्रश्न १६ मध्ये.

५. पहिला रोल कुठला घेऊ?

४०० आयएसओची निगेटिव्ह फिल्म (आयएसओचा आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो). कृष्णधवल हवी असेल तर इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, रंगीत हवी असेल तर कोडॅक अल्ट्रामॅक्स ४००. निगेटिव्ह फिल्म चुका पोटात घालते, विशेषतः रंगीत : दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड पडला तरी फोटो चांगला येतो. कमी उजेडाची चूक ती तितकी सोसत नाही, म्हणून शंका आली की ॲपर्चर एक घर जास्त उघडा. स्लाइड फिल्मचं (जिच्यावर थेट खऱ्या रंगांतला फोटो उमटतो) उलट आहे. तिथे अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. ती पहिल्या वर्षी नको.

एक अडचण ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या भर उन्हात ४०० ची फिल्म एफ/१६ ला १/५०० मागते. के१००० चा कमाल स्पीड १/१०००, म्हणजे फार तर एफ/११ पर्यंत उघडता येईल. मागची गर्दी धूसर करून माणूस उठून दिसावा असं वाटत असेल तर उन्हाळ्यात १०० ची फिल्म घ्या. तिच्यावर १/१००० ला एफ/५.६ मिळतं.

६. रोल घातला, छत्तीस फोटो काढले, आणि लॅबने सांगितलं की रोल कोराच आहे. असं कसं होतं?

टोक पकडलं गेलं नाही, म्हणून. माझंही झालं आहे. दिवे घाटात पहाटेपासून थांबून मी वारीचे छत्तीस फोटो काढले. मोजणीचा आकडा नीट पुढे जात होता, फिल्म जागच्या जागी होती. ती सकाळ मला अजून फोटोंशिवायच आठवावी लागते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

रोलचं टोक उजवीकडच्या रिळाच्या खाचेत दोन सेंटिमीटर तरी आत घाला. झाकण उघडंच ठेवून एकदा लीव्हर ओढा आणि फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसलीत का ते पाहा. बसली की झाकण लावा. आता रिवाइंडची कडी हळूच फिरवून फिल्मची ढील काढा, थोडी ओढ लागली की थांबा. यापुढे लीव्हर ओढताना नजर त्या रिवाइंडच्या बटणावर ठेवा : ते उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. फिरलं तर फिल्म सरकतेय. फोटोंचा आकडा फक्त लीव्हर किती वेळा ओढली ते मोजतो, आत फिल्म आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चाळीस झाले तरी रोल संपत नसेल तर समजा की तो सुरूच झाला नव्हता.

रोल भरायचा तो नेहमी सावलीत, निदान स्वतःच्या सावलीत.

७. मीटर बंद आहे. दुरुस्त केल्याशिवाय वापरता येईल का?

येईल, आणि उत्तम येईल. उन्हात शटर स्पीड फिल्मच्या आयएसओच्या जवळचा ठेवायचा (१०० ला १/१२५, ४०० ला १/५००) आणि ॲपर्चर एफ/१६. हा नियम एके काळी फिल्मच्या खोक्यातल्या कागदावर चित्रांसह छापलेला असे.

आकाशाकडे बघण्याऐवजी जमिनीवरच्या सावलीकडे बघा. सावलीची कड सुरीसारखी असेल तर एफ/१६. कड मऊ झाली तर एफ/११. सावली जेमतेम दिसते तेव्हा एफ/८. सावलीच पडत नाही, आभाळ भरून आलंय, तर एफ/५.६. झाडाखाली, वाड्याच्या ओसरीवर, सूर्य मावळताना एफ/४. रात्री घरातल्या नेहमीच्या दिव्यात ४०० च्या फिल्मवर एफ/२ आणि १/३०, कोपर टेबलावर टेकवून आणि श्वास रोखून.

दोन रोल असे मीटरशिवाय काढा. तिसऱ्यापर्यंत उजेड पाहिला की आकडा आपोआप सुचायला लागतो. फोनमधलं लाइट मीटरचं ॲपही चालेल, पण आधी मनात अंदाज बांधा आणि मग ॲप बघा.

८. मीटर चालतो, सुई मधोमध ठेवतो, तरी पांढऱ्या कपड्यांतली माणसं करडी का येतात?

कारण मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. जे समोर येईल ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. धोतर-टोपीतले वारकरी चौकटभर असतील तर त्याला उजेड फार वाटतो आणि तो कमी करायला सांगतो. तिथे सुईपेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या. उलट, पावसाने भिजलेल्या काळ्या कातळासमोर किंवा हेमाडपंती देवळाच्या भिंतीसमोर तो नको इतका उजेड मागतो. तिथे एक स्टॉप कमी. सगळीकडे चालणारी युक्ती : ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात आपला तळहात धरा, त्यावर मीटर वाचा आणि एक स्टॉप उघडा.

९. सेल कुठला घालायचा? दुकानदार म्हणतो, हा सेल आता मिळत नाही.

के१००० आणि एफएम२ ला साधा एलआर४४ चालतो, के१००० ला एक आणि एफएम२ ला दोन. मीटर जास्त दिवस अचूक हवा असेल तर त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ घ्या. के१००० च्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण ठेवलं की सेल टिकतो, उघडा ठेवला की महिन्याभरात संपतो.

न मिळणारा सेल म्हणजे पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा. ऑलिंपस ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यांना तो लागे. पाऱ्यामुळे त्याचं उत्पादन बंद झालं. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा सेल बसतो, पण मीटर चुकीचं वाचतो. यावर सोपा मार्ग श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो : ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, सुमारे १.४ व्होल्टचा. तो थोडा लहान असतो, भोवती रबरी कडं बसवावं लागतं, आणि चिकटपट्टी काढल्यावर काही आठवड्यांतच संपतो. पण आकडे बरोबर देतो.

१०. लीव्हर अडकली आहे, किंवा बटण दाबूनही शटर उघडत नाही. काय करू?

जोर लावू नका. हा एवढा एकच नियम मी मोठ्या आवाजात सांगतो. हे कॅमेरे दणकट आहेत, पण आतलं एखादं दातेरी चाक वाटाण्याएवढं असतं, आणि ते मोडलं की सुटा भाग मिळवायला दुसरा कॅमेरा फोडावा लागतो.

क्रमाने बघा. लीव्हर पूर्ण शेवटपर्यंत गेली होती का? अर्धवट राहिली असेल तर तिथूनच पुढे ढकला. रोल संपलाय का? छत्तिसाच्या आसपास लीव्हर कडक होते, तेव्हा तळाचं रिवाइंडचं बटण दाबून रोल गुंडाळा. आरसा वरच अडकलाय का? प्रश्न ३ मधला चिकट फोम त्याला धरून ठेवतो, बोटाने अगदी हलकं खाली आणून बघा. सेल्फ-टायमर असलेल्या कॅमेऱ्यात त्याची दांडी अर्धवट वळलेली असते (के१००० ला सेल्फ-टायमर नाही). यातलं काहीच नसेल तर थांबा आणि कारागिराकडे जा.

११. शटर स्पीड लीव्हर ओढण्याआधी बदलायचा की नंतर?

पेंटॅक्स आणि निकॉनमध्ये केव्हाही. पण अपवाद महागात पडतात. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांत स्पीड फक्त लीव्हर ओढल्यावरच बदलायचा, आधी फिरवला तर आतली यंत्रणा मोडू शकते. यशिका मॅटसारख्या, लेन्समध्येच शटर असलेल्या कॅमेऱ्यांत उलट : १/५०० हवा असेल तर शटर चढवण्याआधीच लावा. हातात आलेला कॅमेरा ओळखीचा नसेल तर त्याची माहितीपुस्तिका नेटवर शोधा. बहुतेक सगळ्यांच्या मिळतात, आणि वाचायला सुंदर असतात.

१२. फ्लॅश लावला तर अर्धाच फोटो येतो. का?

के१००० वर फ्लॅशसाठी स्पीड १/६० किंवा त्याहून सावकाश हवा. १/१२५ पासून पुढे दोन्ही पडद्यांमध्ये फक्त फट असते, संपूर्ण चौकट एका क्षणी उघडी नसते. म्हणून फ्लॅश चमकतो तेव्हा अर्धी फिल्म झाकलेली राहते. एफएम२ ला १/२०० आणि १९८४ पासूनच्या आवृत्तीला १/२५० पर्यंत चालतं. जुना मोठा फ्लॅश मेकॅनिकल कॅमेऱ्यावर खुशाल लावा, पण तोच डिजिटलवर लावू नका. काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज डिजिटल कॅमेऱ्याला जाळण्याइतकं असतं.

१३. रोल अर्धा झालाय आणि मला दुसरी फिल्म घालायची आहे. जमेल का?

जमेल. आकडा लिहून ठेवा, समजा १७. रिवाइंड करताना कान लावा. टोक रिळातून सुटल्याचा हलका 'टक' आवाज आला, हाताला एकदम सैल लागलं, की थांबा, म्हणजे टोक बाहेरच राहील. डबीवर १७ लिहा. पुन्हा घालताना लेन्सवर झाकण, १/१०००, सगळ्यात लहान ॲपर्चर, अंधारी खोली, आणि १९ पर्यंत नुसतं शटर मारत जा. ते दोन फोटो वाया घालवणं हाच विमा.

एकाच चौकटीत दोन फोटो हवे असतील तर : पहिला काढा, रिवाइंडच्या कडीने ढील काढून ती घट्ट धरा, तळाचं बटण दाबून लीव्हर ओढा, दुसरा काढा. प्रत्येकाला एक स्टॉप कमी उजेड द्या.

१४. रोल धुवायला टाकताना लॅबला काय सांगायचं?

तीन गोष्टी, शक्यतो लिहून. पहिली, प्रक्रिया : रंगीत निगेटिव्ह सी-४१, स्लाइड ई-६, कृष्णधवल वेगळी. इलफर्ड एक्सपी२ सुपर कृष्णधवल असूनही सी-४१ मध्येच धुतात. पाठीवर रेमजेटचा काळा थर असलेली सिनेमाची फिल्म सी-४१ च्या मशीनमध्ये कधीच जाऊ देऊ नका. तो थर सुटतो आणि त्यानंतरचे दुसऱ्यांचे रोलही खराब होतात. दुसरी, रोल ४०० चा असून सगळा १६०० वर काढला असेल तर 'दोन स्टॉप पुश' (म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवा) असं डबीवर लिहा. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : निगेटिव्ह परत हव्यात. स्कॅन मोबाइलवर आले की बरेच जण निगेटिव्ह आणायला जातच नाहीत. स्कॅन ही त्या दिवशीच्या मशीनने केलेली नक्कल आहे. मूळ फोटो निगेटिव्हमध्ये आहे, आणि तो तुमच्या नातवंडांनाही उजेडासमोर धरून बघता येईल. सहा-सहाच्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या पानांत, कोरड्या जागी.

१५. कृष्णधवल रोल घरी धुता येतो का? आमच्याकडे पाणी फार गरम असतं.

येतो. डार्करूमही लागत नाही. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म टाकीच्या रिळावर चढवायची, बाकी सगळं उजेडात. आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून सराव करा.

अडचण तापमानाचीच. तक्ते २० अंशांचे असतात : ट्राय-एक्सला डी-७६ या डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणारं रसायन) ६¾ मिनिटं, तेवढंच पाणी मिसळलं तर ९¾. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये टाकीचं पाणी याच्या किती वर असतं ते सांगायला नको. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून २० वर आणा. न जमल्यास २४ वर धुवा आणि तक्त्याप्रमाणे वेळ कमी करा. पण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डाग-पट्टे येतात, म्हणून उन्हाळ्यात पाणी मिसळलेलाच डेव्हलपर बरा. फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन, जुने लोक हायपो म्हणतात) आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात फार तफावत नको. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, नाहीतर वाळल्यावर निगेटिव्हवर क्षारांचे ठिपके उरतात.

रंगीत फिल्मचा डेव्हलपर ३८ अंशांचा लागतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या थंडीपेक्षा नागपूरचा उन्हाळा त्याला सोयीचा.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो अंगणात, विहिरीजवळ ओतू नका, बाटलीत साठवून लॅबला द्या.

१६. कोकणात राहतो. पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवू?

चामड्याचं कव्हर वेगळं काढा, ते ओल धरतं. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. ४० ते ५० टक्के चांगली. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतं. डांबराच्या गोळ्या डब्यात नकोत, त्यांची वाफ लेन्सवर बसते. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आलात तर लेन्सवर बाष्प धरतं, कॅमेरा पिशवीतच अर्धा तास राहू द्या. फ्रिजमधल्या फिल्मचंही तसंच : डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

ठेवताना शटर चढवलेलं नको, स्प्रिंगा सैल असू द्या. आणि महिन्यातून एकदा, रोल नसला तरी, सगळ्या स्पीडवर दोन-दोनदा शटर मारा. वंगण हलतं राहतं, लेन्सला उजेड-वारा मिळतो. वापरात असलेल्या कॅमेऱ्यात बुरशी मी क्वचितच पाहिली आहे.

१७. विमानतळावरच्या एक्स-रेने फिल्म खराब होते का?

चेक-इन सामानात फिल्म कधीच ठेवू नका, तिथली यंत्रं फार प्रखर असतात. हातातल्या सामानाच्या जुन्या एक्स-रे यंत्रातून ४०० पर्यंतची फिल्म एक-दोनदा गेली तर सहसा काही होत नाही. नवी सीटी स्कॅनर यंत्रं मात्र कुठल्याही फिल्मला धोक्याची, एका फेरीतही. सगळे रोल खोक्यांतून काढून एका पारदर्शक पिशवीत ठेवा, रांगेत वेळेआधी पोहोचा आणि हाताने तपासायची विनंती करा. नम्रपणे मागितलं तर बऱ्याचदा ऐकतात, पण ऐकतीलच असं नाही. कॅमेऱ्यात रोल असेल तर तो प्रवासाआधी संपवलेला बरा.

१८. माझ्या डिजिटल पेंटॅक्सच्या लेन्स के१००० वर चालतील का? आणि उलट?

१९७५ पासून के-माउंट तोच आहे, त्यामुळे बसतात. पण ज्या नव्या लेन्सवर ॲपर्चरची रिंगच नाही त्या के१००० वर सगळ्यात लहान ॲपर्चरवरच राहतात, वापरण्यात अर्थ नाही. शिवाय डिजिटलसाठीच्या बऱ्याच लेन्स फिल्मची पूर्ण चौकट झाकत नाहीत. उलट्या दिशेने जुन्या लेन्स नव्या बॉडीवर छान चालतात, एक अपवाद सोडून : 'पी' अक्षर असलेल्या काही रिको रिकेनॉन लेन्सना एक जादा पिन असते. ती ऑटोफोकस पेंटॅक्सच्या बॉडीत अडकते आणि लेन्स निघतच नाही. के१००० वर मात्र त्या सुरक्षित आहेत.

१९. कॅमेरा गळ्यात उघडा असताना सूर्याने शटर जळतं, हे खरं आहे का?

फेड, झोर्की, जुन्या लायकासारख्या रेंजफाइंडरमध्ये (ज्यांत लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघतात) खरं आहे. त्यांच्यात आरसा नसतो. लेन्स भिंगाचं काम करते आणि ऊन थेट कापडी पडद्यावर एकवटतं. छोटंसं भोक पडतं आणि पुढे प्रत्येक फोटोत एकाच जागी उजेडाचा ठिपका येतो. चालताना लेन्सवर झाकण ठेवा. एसएलआरमध्ये, म्हणजे के१००० सारख्या लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, मध्ये आरसा असतो, तिथे हा धोका नाही. धोका तुमच्या डोळ्याला आहे : लेन्समधून सूर्याकडे बघू नका.

२०. बाबांच्या कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेला जुना रोल निघाला. त्यात काही शिल्लक असेल का?

असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. उरलेले फोटो काढायचा मोह आवरा. झाकण न उघडता, लेन्सवर झाकण ठेवून, अंधाऱ्या खोलीत, तळाचं बटण दाबून अतिशय हळू रिवाइंड करा. जुनी फिल्म कडक झालेली असते, घाई केली तर तुटते. ओढ एकदम वाढली तर तिथेच थांबा आणि कॅमेरा आहे तसाच लॅबकडे न्या. ते काळ्या पिशवीत उघडतील.

बाहेर आलेल्या डबीवरचं नाव वाचा. कृष्णधवल असेल (उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' अजूनही अधूनमधून निघते) तर आशा चांगली, चांदीची प्रतिमा दशकं टिकते. रंगीत सी-४१ असेल तर रंग बदललेले येतील, पण चेहरे ओळखू येतील. रोल फारच जुना असेल तर तो कृष्णधवल म्हणून धुवून घेणं जास्त खात्रीचं. डबीवर कोडाक्रोम असेल तर दुसरा पर्यायच नाही. तिची रंगीत प्रक्रिया करणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती आणि २०१० च्या अखेरीस तिथेही ते काम थांबलं. आता तिच्यातून फक्त कृष्णधवल प्रतिमा काढता येते. (आपल्या हौसेसाठी मुदत संपलेला कोरा रोल वापरायचा असेल तर गोष्ट वेगळी : दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त उजेड द्या. हा ढोबळ अंदाज आहे, फ्रिजमध्ये राहिलेल्या फिल्मला कमी लागतो.)

हा रोल नेहमीच्या गठ्ठ्यात टाकू नका. दुकानात स्वतः जा, धुणाऱ्या माणसाशी बोला, रोल किती जुना आहे आणि कुणाचा आहे ते सांगा. आणि पट्ट्या कापू नका म्हणावं. जुन्या फिकट निगेटिव्हवर एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते चटकन दिसत नाही, आणि कात्री नेमकी एखाद्या चेहऱ्यावरून जाते. रोल अख्खा घरी आणा, खिडकीशी धरा, आणि घरातलं जे कुणी त्या वर्षांत होतं त्याला शेजारी बसवून एकेक चौकट बघा.